फुटक्या टाकीचं लपण करायचंय, चीर सांधायची कशी?

माळावरचा मास्तर
३ फेब्रुवारी, रात्री ९:४०

राम राम मंडळी,

प्रश्न टाकीचा आहे पण पाण्याचा नाही. त्यामुळे शेती विभागात टाकू की छायाचित्रणात, हेच कळेना. शेवटी इथं टाकतोय, हलवायचा असेल तर हलवा.

आमच्या स्लॅबवर २००० लिटरची काळी टाकी होती. अकरा वर्षं बिनतक्रार चालली. गेल्या मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं तेव्हा नेमकी मोटार जळालेली, म्हणून टाकी रिकामी. रिकाम्या टाकीला वजन ते काय! उचलली गेली आणि गोठ्याच्या कोपऱ्यावर आदळली. म्हैस वाचली. टाकीच्या कुशीत तळहाताएवढं भोक पडलं.

खरं सांगायचं तर दुखणं आधीचंच होतं. खालच्या निपलला (पाइप जोडायच्या तोंडाला) दीड इंची लोखंडी पाइप नुसता लोंबकळत सोडलेला, त्याला टेकू नाही. त्या वजनानं निपलपाशी केसासारखी चीर पडली होती आणि मी दोन वर्षं तिच्यावर अंगाचा साबण घासून वेळ मारून नेत होतो. आपटल्यावर ती चीर खाली उतरून तळात शिरली. आता मोजली तर चौदा इंच भरते.

भंगारवाला पाचशे म्हणाला. मी देणारच होतो, पण त्याच आठवड्यात एक व्हिडिओ बघण्यात आला. अमेरिकेत एकानं अशीच फुटकी टाकी सांधली, खिडक्या कापल्या आणि हरणाच्या शिकारीसाठी लपण (आत दडून बसायचा आडोसा) केलं. शिकारीशी मला देणंघेणं नाही. लपण मात्र मला तीन वर्षांपासून हवंय, पाखरांचे फोटो काढायला.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भिगवणपासून आत. उजनीच्या पाण्यावर रोहित (फ्लेमिंगो) बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात ते भिगवण. आमच्याकडे पाणी नाही, माळ आहे. आठ एकरांतला दीड एकर नुसता मुरूम आणि कुसळी गवत. तिथं मी परातीसारखा उथळ सिमेंटचा पाणवठा केलाय. बोअरचं दोन घागरी पाणी रोज ओततो. सकाळी नऊच्या आसपास पखुर्ड्या (माळावरची कबुतराएवढी पाखरं) येतात. आधी आवाज येतो, मग वीस-पंचवीसचा थवा एक गिरकी घेऊन लांबच उतरतो आणि तिथून चालत, थांबत, माना वर करत पाण्याशी येतो. मी बाभळीखाली घोंगडं पांघरून बसतो. गुडघा हलला की थवा पसार. तीन वर्षांत माझ्याकडे पखुर्डीचे जेवढे फोटो जमलेत ते सगळे पाठमोरे.

दादांना (वडिलांना) बेत सांगितला तर म्हणाले, "लोक जोंधळ्यावरची पाखरं हाकलायला गोफण घेऊन माळ्यावर बसायचे. तू पाखरं यावीत म्हणून टाकीत बसणार?" उत्तर सुचलं नाही.

तर विचारायचं ते हे. इपॉक्सीची पुटी दोनदा लावून बघितली, वाळल्यावर पापडासारखी सुटून हातात आली. प्लास्टिक सांधतात तरी कसं? भोकाचं काय करू? आणि टाकी थोडी जमिनीत पुरली तर चालेल का, म्हणजे खिडकी पाखराच्या डोळ्याच्या उंचीला येईल? खर्च हजार-दीड हजाराच्या वर नको. नवीन टाकी घेऊन तिला भोकं पाडली तर घरात राहता येणार नाही.


नवखा शेतकरी
३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

पीव्हीसी पाइपचं सोल्युशन लावा की. वीस मिनिटांत दगड होतं.


गरम हवा
४ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

नवखे भाऊ, ते सोल्युशन पीव्हीसीला विरघळवून चिकटवतं. टाकी पीव्हीसीची नसते, तिच्यावर ते नुसतं वाळून बसतं. 

मास्तर, मी इचलकरंजीत गाड्यांचे बंपर, कॅरेट आणि टाक्या सांधतो. धंदाच हा, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमची टाकी पॉलिथिनची आहे. पावडर साच्यात घालून साचा भट्टीत गोल गोल फिरवतात आणि आतून थर धरत टाकी तयार होते. या प्लास्टिकचा स्वभाव मेणकट. त्याला पुटी, फेविक्विक, रंग, काहीच धरत नाही. ते फक्त स्वतःलाच धरतं, म्हणजे वितळवूनच जोडायचं. ओळखायची खूण: छोटा तुकडा पाण्यात टाका, तरंगला पाहिजे. पीव्हीसी बुडतं. तुकडा पेटवला तर मेणबत्तीसारखा वास येतो आणि थेंब गळतात. (अंगणात पेटवा, गोठ्यात नको.)

आता पहिली परीक्षा. खिडकी आणि दार तुम्ही कापणारच आहात ना? मग सांधायच्या आधी तेच कापा. त्यातली बोटभर रुंद पट्टी घेऊन पूर्ण दुमडा. वाकली तर टाकीत जीव आहे. दुमडल्यावर पांढरी पडून कटकन मोडली तर उन्हानं प्लास्टिक खाल्लंय, सरळ भंगारात घाला, माझाही वेळ वाचेल. अकरा वर्षं स्लॅबवर होती म्हणता, म्हणून सांगतोय.

वाकली, तर त्याच तुकड्यांच्या पाच-सहा मिलिमीटरच्या पट्ट्या काढा. त्याच तुमच्या वेल्डिंगच्या कांड्या. बाजारातली कांडी कशाला, तुमच्या टाकीला तुमच्या टाकीइतकं जुळणारं दुसरं काही मिळणार नाही.

चिरेचं टोक सापडवा. काळ्या टाकीवर ते दिसत नाही. तुमच्याकडे खडूला काय तोटा? भुकटी चोळा आणि फडक्यानं पुसा, चिरेत पांढरी रेघ राहते. जिथं रेघ संपते त्याच्या दोन मिलिमीटर पुढं ६ मिलिमीटरचं भोक पाडा. हे केलं नाही तर तुम्ही इकडं सांधत राहाल आणि चीर तिकडं चालत राहील. मग चिरेवर इंग्रजी व्हीसारखी खाच करा, जाडीच्या दोन तृतीयांश. खाचेच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच ब्लेडनं खरवडा, वरची राखाडी पापुद्र्यासारखी कातडी जाऊन काळं चकचकीत प्लास्टिक दिसेपर्यंत. कांड्यांचंही तसंच. शंभरातले नव्वद जोड इथल्या आळशीपणामुळे सुटतात.

हॉट एअर गन भाड्यानं मिळते. २८० ते ३०० अंशांवर ठेवा, पण आकड्यापेक्षा प्लास्टिककडे बघा. खाच आणि कांडी दोन्हींवर एकाच वेळी हवा मारायची. पृष्ठभागाला तूप लावल्यासारखी ओली चकाकी आली की कांडी दाबत पुढं सरकायचं. धूर दिसला म्हणजे जाळलंत. घाई करून कांडी नुसती वर झोपवली तर वरून सुंदर दिसेल आणि नखानं निघेल. जोड आपोआप गार होऊ द्या, वर पाणी ओतू नका. तासाभरानं ओढून बघा.

आतूनही एक फेरी मारा. आत शिरताना झाकण उघडं, दार कापलेलं, बाहेर एक माणूस उभा. आणि आतून पुसायला पेट्रोल, थिनर अजिबात नको. गरम हवेची बंदूक हातात आहे हे विसरू नका.

भोकाला पॅच. खिडकीच्या तुकड्यातून भोकापेक्षा चारी बाजूंनी तीन इंच मोठा गोल कापा, आतून लावा, कडेनं वेल्ड मारा आणि वर मोठ्या वॉशरचे चार बोल्ट. लपणाला चालतंय. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला असं मी करत नाही.

एक राहिलं. खिडकीचे कोपरे गोल ठेवा. चारी कोपऱ्यांना आधी एक इंची भोक पाडायचं आणि मग करवत या भोकातून त्या भोकात. काटकोन ठेवलात तर नवी चीर तिथूनच निघणार.


बोरीबाभळी
४ फेब्रुवारी, दुपारी २:३०

मास्तर, सांधण्यातलं मला कळत नाही. लपणात बसून बसून पाठ मात्र कामातून गेलीय, त्या अधिकारात बोलते. मी सोलापूरकडची, माळावरच्याच पाखरांमागे असते.

टाकी म्हणजे ढोल. हे तुम्हाला पहिल्या सकाळी कळेल. कॅमेऱ्याचा खटका, बाटलीचं झाकण, बुटाची टाच, सगळं घुमतं. मी पहिल्यांदा प्लास्टिकच्या पिंपाच्या आडोशात बसले होते तेव्हा माझ्या पोटातल्या गुरगुरण्यानं टिटवी उठली. हसू नका. आतून सगळीकडे गोणपाट लावा, खाली जुनी सतरंजी. गोणपाट चिकटणार नाही, वरच्या बाजूला भोकं पाडून सुतळीनं ओवा. त्यानं अंधारही होतो आणि तोच जास्त महत्त्वाचा. तुमच्या पाठीमागून उजेड आला की खिडकीत तुमची सावली हलताना पाखराला दिसते. काही टाक्या आतून पांढऱ्या असतात, त्यांत तर माणूस पडद्यावरच्या चित्रासारखा दिसतो. तुमची आतून कशी आहे बघा.

खिडकी मोठी नको. एक वीत उंच, दीड वीत रुंद पुरे, वर जाळीचा पडदा. पाणवठा आठ-दहा मीटरवर ठेवा. टाकी पाणवठ्याच्या पूर्वेला आणि खिडकी पश्चिमेकडे, म्हणजे सकाळचं ऊन तुमच्या पाठीवरून पाखरावर पडेल. दार मागे, पूर्वेला.

ठेवल्या ठेवल्या जाऊन बसू नका. दोन-तीन आठवडे टाकी नुसती पडू द्या. खिडकीत लेन्सच्या जागी काळी बाटली खोचून ठेवा, पाखरांना ते नळकांडं रोजचं होतं. बसायला जाल तेव्हा अंधारात जा. उशीर झालाच तर दादांना बरोबर न्या आणि आत शिरल्यावर त्यांना बोलत बोलत परत पाठवा. पाखरांचा हिशेब कच्चा असतो, माणूस गेला म्हणजे गेला.

आणि टाकी ठेवण्याआधी जमीन गुडघ्यावर बसून बघा. माळटिटवी उघड्या मुरमावरच अंडी घालते, चार खडे ठेवल्यासारखी दिसतात. अंडी-घरटं नुसतं विस्कटलं तरी १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकारच धरली जाते. बंदूक लागत नाही त्याला.


नवखा शेतकरी
४ फेब्रुवारी, सायंकाळी ६:५०

मग हेच लपण उसाच्या कडेला ठेवून रानडुकरं राखली तर? बंदुकीचं नाही म्हणत. बसायला, ओरडायला.


बोरीबाभळी
४ फेब्रुवारी, सायंकाळी ७:२०

बसा की, कोण अडवतंय. पण राखणीला लपून काय उपयोग? डुकराला तुम्ही दिसला, ऐकू आला तरच ते जाणार. तिथं उंच माळा आणि पत्र्याचा डबाच बरा. बाकी परवानगीशिवाय डुकराला हात लावलात किंवा कुंपणात वीज सोडलीत तर आत जाल. विजेच्या कुंपणात दर वर्षी माणसंच मरतात, शेजारचीच.


तात्या टेक्सास
५ फेब्रुवारी, पहाटे ४:१० (माझ्याकडे संध्याकाळ)

मास्तर, तो व्हिडिओ बहुधा आमच्या इकडचाच असणार. मी सॅन अँटोनियोजवळ राहतो, मूळचा सांगलीचा. इथे टाक्यांचं लपण अगदी रोजची गोष्ट. टेक्सासमधली ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी आहे, त्यामुळे शिकारही बरीचशी ज्याच्या त्याच्या रँचवर किंवा भाडेपट्ट्यावर. हरणांचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि ऑक्टोबरभर माणसं ब्लाइंड दुरुस्त करत असतात. ब्लाइंड म्हणजे तुमचं लपण. नवं विकत घ्यायचं तर खिशाला चांगलीच कात्री लागते, म्हणून गुरांच्या पाण्याच्या फुटक्या टाक्यांना मागणी.

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं एक केलंय, मी मदतीला होतो. त्याच्या चुका सांगतो, त्या फुकटात घ्या. पहिल्या वर्षी त्यानं हौसेनं हिरवा-तपकिरी रंग मारला. उन्हाळा संपेपर्यंत सापाच्या कातेसारखा सोलून निघाला. गरम हवा म्हणतात ते खरंच, या प्लास्टिकला रंग धरत नाही. आता वरून गोणपाट आणि त्यावर गवत. दुसरं, त्यानं खिडक्या चार बाजूंना चार केल्या. आत इतका उजेड झाला की शेवटी तीन बंद केल्या. तिसरं, गांधीलमाश्या. बंद, कोरडं, अंधारं, त्यांना याहून काय हवं? दोन महिन्यांनी दार उघडलं तर छताला फुलकोबीएवढं मोहोळ. आत शिरायच्या आधी काठीनं ठोकायचं, थांबायचं आणि मगच वाकायचं.

फरक एवढाच की इथे ते टाकी पाच-दहा फुटांच्या पायांवर चढवतात. माणसाचा वास वरून निघून जातो आणि लांबवर दिसतं. तुम्हाला उलटं करायचंय, जमिनीत शिरायचंय. तिथे माझा अनुभव शून्य.


गोदाकाठ
५ फेब्रुवारी, सकाळी ८:००

माझा आहे, तोही महागातला. परभणी जिल्हा, काळी जमीन.

ठिबकला खत सोडायला १००० लिटरची टाकी गळ्यापर्यंत पुरली होती. पोळ्याच्या आदल्या रात्री धो धो पाऊस. सकाळी बैल धुवायला गेलो तर टाकी जमिनीतून दोन फूट वर, तिरकी, गणपतीच्या विसर्जनात मूर्ती डुलते तशी. रिकामी टाकी पुरणं म्हणजे होडी पुरणं. भोवती पाणी साचलं की ती वर येणारच, हजार लिटरच्या टाकीला पाणी जवळपास टनभर वर ढकलतं. वर काळी माती ओली झाली की फुगते, तिनं एक कूस आत दाबली ती वेगळीच.

तुमच्याकडे मुरूम आहे हे नशीब. पण माझं डोकं वेगळंच चालतंय. चीर तळात शिरली म्हणता ना? लपणाला तळ हवाय कशाला? तळच कापून टाका. चीर गेली, टाकी तरंगायचा प्रश्न गेला, पाऊस आत आला तर मुरमात जिरेल. बसायला जमीन थंडगार.


माळावरचा मास्तर
५ फेब्रुवारी, रात्री ९:१५

गोदाकाठ, तुम्ही आठ महिन्यांपूर्वी कुठं होता हो? मी त्या चिरेवर पुटीचे दोन डबे घालवले.

गरम हवा, तळ कापला तर टाकी उभी राहील का?


गरम हवा
५ फेब्रुवारी, रात्री ९:४८

डोकं चांगलं चालवलंय गोदाकाठांनी. पण पूर्ण तळ काढू नका. तळ हा टाकीचा कंबरपट्टा. तो गेला की गोल टाकीची चिंच होते, मुरूम लोटला की चपटी. कडेनं चार इंचांची किनार ठेवा आणि मधला गोल काढा. म्हणजे निपलपासून कोपऱ्यापर्यंत दोन-तीन इंच आणि किनारीतली चार, अशी सहा-सात इंचच चीर सांधायला राहते. तेवढं शिकाऊ माणसाला जमतं. किनारीवर आतून मुरूम टाका, मग वाऱ्यालाही हलणार नाही. तुमच्या टाकीला उडायची खोड आहे!

आणि निपलचं भोक बुजवू नका. दीड फूट पुरलीत तर ते जमिनीखाली जाईल, तिथं जाळी मारा. वर, झाकणाजवळ दोन भोकं ठेवा, गरम हवा निघून जायला. (माझं नाव घेऊन विनोद करायला हरकत नाही.)


माळावरचा मास्तर
२१ एप्रिल, रात्री ८:३०

मंडळी, अडीच महिने गप्प होतो. दहावीचे पेपर तपासायला आले होते आणि नंतर शेजारच्या पोराचं लग्न. आता सविस्तर.

पट्टी दुमडली, मोडली नाही. तिथंच अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. तळाचा गोल कापला तो दादांनी परस्पर म्हशीच्या पेंडीखाली घातलाय, परत मिळणार नाही. खडूची युक्ती तर शाळेत दाखवावी अशी. मला चिरेचं टोक जिथं वाटत होतं त्याच्यापुढं ती आणखी पाऊण इंच गेली होती, डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

पहिले दोन जोड नखानं निघाले. अगदी गरम हवांनी लिहिलं होतं तसे, वरून सुंदर. तिसऱ्यांदा खरवडण्यात अर्धा तास घातला, कांडीही खरवडली आणि चकाकी येईपर्यंत हात आवरला. ते जमलं तेव्हा कळलं की आधी मी कांडी वितळवत होतो, टाकी नाही. हा जोड पकडीनं ओढला तर कांडी ताणून पातळ झाली, पण बुडातून सुटली नाही. पॅचला बोल्ट मारले. एकूण खर्च: गनचं दोन दिवसांचं भाडं चारशे, बोल्ट-वॉशर नव्वद, गोणपाट दुकानदारानं चहावर दिलं.

एक चूक कबूल करतो. खिडकीचे तीन कोपरे गोल केले. चौथ्याला ड्रिलची बॅटरी संपली आणि मी म्हटलं, एकानं काय होतंय. पंधरा दिवसांत त्याच कोपऱ्यातून तीन इंच चीर निघाली. आता तिच्या टोकाला भोक आहे, वर वेल्ड आहे, आणि 'हे तुला आधीच सांगितलं होतं' हे विद्यार्थ्यांना ऐकवायचं वाक्य आता मलाच लागू आहे.

मुरूम फोडायला दोन दिवस लागले, दीड फुटाच्या खाली पहार जाईना. भोवती वीतभर उंच बांध घातला, वरून कुसळी गवत. आठवडाभरानं वनरक्षक आले. कुणीतरी कळवलं होतं की मास्तरांनी माळावर भोकाची टाकी पुरलीय, चिंकारा मारणार बहुतेक. तिकडं कडबनवाडीच्या बाजूला चिंकारे आहेत, त्यामुळे त्यांचंही बरोबर. मी आधीच सांगायला हवं होतं. त्यांना आत बसवलं, कॅमेरा हातात दिला. नेमके तेव्हा होले (कबुतराच्या जातीची पाखरं) आले. तास गेला, चहा आत नेऊन द्यावा लागला.

गेल्या रविवारी पहिल्यांदा मनासारखं बसलो. पावणेसहाला आत. सात वाजेपर्यंत गारवा, आठला अंगरखा काढला, नऊला गोणपाटाचा वास आणि घाम सारखाच. वरची दोन भोकं नसती तर उठलोच असतो. नऊला दहा मिनिटं असताना आवाज आला. थवा नेहमीसारखा लांब उतरला आणि चालत निघाला. मी श्वास धरून बसलो. बोरीबाभळी, पोट गुरगुरलं हो! पण गोणपाटानं गिळलं.

खिडकी जमिनीपासून वीतभर वर आहे, त्यामुळे पाखरू समोरून चालत येताना त्याचे पाय दिसतात. आखूड, पिसांनी झाकलेले, लहान मुलानं लांब चड्डी घातल्यासारखे. माद्या पाणी पिऊन बाजूला झाल्या. एक नर मात्र पाण्यात शिरला, पोट टेकवून बसला आणि अंग डुलवायला लागला, कोंबडी अंड्यावर नीट बसताना करते तसं. छातीवरची काळी रेघ पाण्याच्या अगदी वर. मध्येच उठून परत बसला. किती वेळ, घड्याळ बघायला हात हलवला नाही. मग उठला तेव्हा पोटाची तांबूस-काळी पिसं ओली, जड, खाली लोंबलेली. तसाच उडाला, सरळ उत्तरेला, एकटा. हे लोक पिल्लांना पोटाच्या पिसांत पाणी नेतात हे वाचलं होतं. म्हणजे तिकडं कुठंतरी कुसळीत पिल्लं आहेत आणि माझ्या दोन घागरींतलं चमचाभर पाणी तिकडं गेलं.

फोटो काढले का? सहा. त्यातला एक समोरून, डोळ्यात उजेड असलेला. उद्या कॅमेऱ्यातून काढून इथं लावतो.


गोदाकाठ
२१ एप्रिल, रात्री ९:०५

झकास. उत्तरेला जायचं नाही हां मास्तर, पिल्लं शोधायला.


माळावरचा मास्तर
२१ एप्रिल, रात्री ९:१२

नाही जात. उलट त्या बाजूचं गवत यंदा कापायचं नाही असं ठरवलंय. दादांनी मान्य केलं, पण बदल्यात टाकी दुपारी त्यांना. म्हणतात, वारं खालून येतं, झोप चांगली लागते.


गरम हवा
२१ एप्रिल, रात्री ९:३०

त्यांना म्हणावं झोपायच्या आधी काठीनं ठोका. आणि त्या चौथ्या कोपऱ्याचा फोटो पाठवा, आतून वेल्ड मारलाय की नुसता बाहेरून?


माळावरचा मास्तर
२१ एप्रिल, रात्री ९:३३

बाहेरून.


गरम हवा
२१ एप्रिल, रात्री ९:३४

उद्या गन परत भाड्यानं आणा.